जमाखर्च संगणकावर मांडण्याआधी

पीपीएफचं खातं पंधरा आर्थिक वर्षांचं. सुकन्या समृद्धीची मुदत खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांची. घराचं कर्ज साधारण वीस वर्षं चालतं, विम्याची एखादी पॉलिसी पंचवीस वर्षं. मायक्रोसॉफ्ट मनी हा घरगुती हिशेबाचा प्रोग्राम १९९१मध्ये बाजारात आला आणि २००९मध्ये कंपनीने त्याची विक्री थांबवली. मिंट २००७मध्ये सुरू झालं आणि मार्च २०२४मध्ये बंद पडलं. हे काही गल्लीबोळातले प्रोग्राम नव्हते. एकामागे जगातली बलाढ्य सॉफ्टवेअर कंपनी उभी होती, दुसऱ्यावर लाखो अमेरिकन घरांचा रोजचा हिशेब चालला होता. तरीही एखाद्या मुलीच्या सुकन्या खात्याएवढं आयुष्य दोघांपैकी एकालाही लाभलं नाही.

घरच्या संगणकावर हिशेब ठेवायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, असं कुणी विचारलं की मी आधी हे आकडे पुढे ठेवतो. विचारणाऱ्याला ते आवडत नाही. त्याला नाव हवं असतं. नावं या पुस्तकात आहेतच, पण प्रत्येक प्रोग्रामला मी पहिला प्रश्न एकच विचारला आहे: उद्या तुला सोडायचं ठरवलं, तर माझ्या नोंदी माझ्याबरोबर येतील का? रंगीत आलेख, मोबाइलशी जुळवणी, खर्च वाढला की येणारी सूचना, हे सगळं त्यानंतर.

जुन्या नोंदींची एवढी काळजी कशाला, असं वाटू शकतं. गेल्या वर्षीच्या भाजीचा हिशेब कुणाला हवा असतो? भाजीचा नाहीच. पण घर २००३मध्ये घेतलं असेल आणि आज विकायचं असेल, तर खरेदीची किंमत, मुद्रांक शुल्क, नंतर वाढवलेल्या खोलीचा खर्च, सगळं लागतं. २३ जुलै २०२४च्या आधी घेतलेल्या घरावर निवासी करदात्याला दोन पद्धतींनी कर काढून कमी येईल तो भरता येतो: महागाई निर्देशांक न धरता साडेबारा टक्के, किंवा तो धरून वीस टक्के. ही तुलना करायची तर मुळात खरेदीचा आकडा हाताशी हवा. ३१ जानेवारी २०१८पूर्वी घेतलेले शेअर आणि इक्विटी फंड यांच्या बाबतीत त्या दिवसाचा भावसुद्धा हिशेबात येतो. घरातल्या कागदांत सर्वांत जास्त काळ उपयोगी पडणारा कागद खरेदीचा असतो, आणि नेमका तोच जुन्या संगणकाबरोबर भंगारात जातो.

या जातीच्या सॉफ्टवेअरचं मूळ अमेरिकेत आहे आणि ते त्याच्या तोंडवळ्यावर आजही दिसतं. स्कॉट कुक यांची पत्नी घरची बिलं भरण्याच्या कटकटीने त्रासली होती आणि त्यातून त्यांना क्विकनची कल्पना सुचली, ही गोष्ट तिकडे फार सांगितली जाते. कुक आणि टॉम प्रू या दोघांनी १९८३मध्ये इंट्यूट ही कंपनी काढली. तिथल्या घरात बिलं चेकने भरली जायची, म्हणून क्विकनचा पडदा चेकबुकाच्या नोंदवहीसारखा दिसायचा: तारीख, चेक क्रमांक, कुणाला, किती, शिल्लक किती. ज्याला चेकबुक कळतं त्याला काही शिकावं लागू नये, हा त्यामागचा विचार, आणि तो अचूक होता. १९९४मध्ये मायक्रोसॉफ्टने इंट्यूटच विकत घ्यायचं ठरवलं. सौदा दीड अब्ज डॉलरचा होता. अमेरिकेच्या न्याय खात्याने १९९५मध्ये त्याविरुद्ध दावा दाखल केला आणि मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. घरखर्चाच्या वहीसाठी एवढी ओढाताण! पुढे मनी बंद झालं, आणि इंट्यूटनेही २०१६मध्ये क्विकन एका गुंतवणूक संस्थेला विकून टाकलं. त्यानंतर ते वार्षिक वर्गणीवर गेलं.

मिंटची तऱ्हा वेगळी होती. ते फुकट होतं. बँकेच्या खात्यातून व्यवहार आपोआप ओढून घ्यायचं, त्यांचे गट पाडायचं आणि मग तुम्हाला साजेसं क्रेडिट कार्ड किंवा कर्ज सुचवायचं. कमाई त्या सुचवण्यातून. इंट्यूटने २००९मध्ये ते १७ कोटी डॉलरला घेतलं. आपल्याकडे मोबाइलवर फुकट मिळणारी खर्चनोंदीची ॲप्स याच वाटेने गेलेली दिसतात. बँकेचे एसएमएस वाचून खर्च मांडून देणारं ॲप काही दिवसांत तुम्हाला तत्काळ कर्ज देऊ करतं. तुमचा पगार किती तारखेला येतो आणि किती तारखेला संपतो हे त्याला तुमच्या बायकोपेक्षा आधी कळलेलं असतं. हे बेकायदा आहे असं नाही. परवानगीचं बटण आपणच दाबलेलं असतं. पण वही ठेवणारा आणि व्याजाने पैसे देणारा एकच असू नये, एवढं व्यवहारज्ञान आपल्या आज्या-पणज्यांना होतं.

म्हणून हे पुस्तक घरच्या संगणकाबद्दल आहे. फाइल आपल्या डिस्कवर, इंटरनेट नसलं तरी उघडणारी.

आता आपलं घर अमेरिकन चेकबुकात कितपत बसतं ते पाहू. पगार बँकेत येतो, तिथवर ठीक. पुढे यूपीआयने दिवसाला पाच-सात किरकोळ व्यवहार होतात. बँकेच्या उताऱ्यात त्यांचा तपशील म्हणजे लांबलचक आकडा आणि दुकानदाराच्या नावाची चार तुटकी अक्षरं. थोडी रोकड. एक-दोन मुदत ठेवी, त्यातली एखादी पतसंस्थेत. पोस्टातलं आवर्ती खातं. एसआयपी. सोनं. भावाला दिलेले हातउसने. सोसायटीचा मेंटेनन्स. आणि पुष्कळ घरांत भिशी.

भिशीचंच उदाहरण घेतो, कारण सॉफ्टवेअरची खरी पारख तिथे होते. दहा जणांची, महिना पाच हजारांची भिशी आहे आणि तिसऱ्या महिन्यात तुम्हाला लागली. नुसता खर्च टिपणारं ॲप दहा महिने पाच-पाच हजार खर्च दाखवेल आणि मधल्या एका महिन्यात पन्नास हजारांचं उत्पन्न. दोन्ही खोटं. तुम्ही ना पन्नास हजार कमावलेत, ना उडवलेत. दुहेरी नोंदीच्या पद्धतीत 'भिशी' नावाचं एक खातं असतं. दोन महिने त्यात पाच-पाच हजार जमतात, तोवर ती तुमची येणी. तिसऱ्या महिन्याचे पाच हजार भरून पन्नास हजार उचलले की तेच खातं पस्तीस हजारांनी उलट बाजूला जातं. आता ते देणं आहे. उरलेल्या सात हप्त्यांत ते शून्यावर येतं आणि मिटतं. खर्चाच्या रकान्याला कुठे धक्काही लागत नाही.

घराच्या कर्जाचंही तसंच. तीस लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं; हप्ता येतो सुमारे २६,०३५ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले २१,२५० व्याजात जातात, मुद्दल फिटतं जेमतेम ४,७८५. व्याज हा खर्च. मुद्दल फेडणं हा खर्च नाही, देणं कमी होणं आहे. जो प्रोग्राम एकाच व्यवहाराची अशी फोड करू देत नाही, तो कर्ज असलेल्या घराच्या कामाचा नाही. क्रेडिट कार्डाचंही तेच रडगाणं: कार्डावरची खरेदी खर्चात धरली आणि महिनाअखेरचं बिल भरलं तेही खर्चात धरलं, की घर कागदावर दुप्पट उधळं दिसू लागतं. एसआयपी खर्चात टाकणारे तर इतके आहेत की विचारू नका. मग वर्षअखेरीला पैसे गेले कुठे म्हणून शोधाशोध होते. ते गेलेलेच नसतात.

दुहेरी नोंदीची ही पद्धत काही संगणकाने आणलेली नाही. व्हेनिसमध्ये १४९४ साली छापलेल्या लुका पाचोली यांच्या ग्रंथात ती मांडलेली आहे, आणि व्यापारी ती त्याच्याही आधीपासून वापरत होते. आपल्याकडे रोजकीर्द आणि खतावणी या दोन वह्या पिढ्यान् पिढ्या चालत आल्या. पेशव्यांच्या रोजकीर्दी पुण्याच्या पेशवे दप्तरात आजही आहेत. रोजच्या रोज घडेल तसं लिहायचं ती रोजकीर्द, आणि त्यातून खात्याखात्यावर उचलून मांडायचं ती खतावणी. हिशेबाचा कोणताही चांगला प्रोग्राम रोजकीर्द तुमच्याकडून लिहून घेतो आणि खतावणी स्वतः करतो. दुकानात मुनीमजींकडे बसून मोठी झालेली माणसं म्हणून ग्नूकॅशसारखा प्रोग्राम चटकन आत्मसात करतात, आणि संगणकात तरबेज असलेली तरुण मुलं मात्र 'प्रत्येक व्यवहार दोनदा का लिहायचा?' असं विचारत अडून बसतात.

ग्नूकॅश मी या पुस्तकात मध्यभागी ठेवला आहे, ते उगीच नाही. १९९७च्या सुमारास सुरू झालेला हा मुक्त प्रोग्राम विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. त्याचा कुणी एक मालक नाही, त्यामुळे एका सकाळी विक्री बंद झाल्याची बातमी यायची भीती नाही. फाइल एक्सएमएलमध्ये किंवा एसक्यूलाइट या सर्वत्र वाचता येणाऱ्या डेटाबेसमध्ये ठेवता येते. म्हणजे ग्नूकॅश उद्या नाहीसा झाला तरी नोंदी दुसऱ्या साधनाने उघडता येतील. म्युच्युअल फंडांची रोजची एनएव्ही ॲम्फी ही संघटना जाहीर करते; ग्नूकॅशला जोडता येणाऱ्या फायनान्स-कोट या मदतनीस प्रोग्रामात ती उतरवून घेण्याची सोय आहे. त्याच्या मेनूचं मराठी आणि कोकणी भाषांतरही झालेलं आहे. माझा सल्ला तरी असा, की मेनू इंग्रजी ठेवा, कारण अडलं तर मदत त्याच शब्दांनी शोधावी लागते. खात्यांची नावं मात्र बेलाशक मराठीत लिहा. 'ग्रोसरीज' लिहिलेल्या खात्यापेक्षा 'किराणा' लिहिलेल्या खात्यात घरातल्या सगळ्यांकडून नोंद होते.

दोषही सांगतो. दिसायला तो रुक्ष आहे. पहिला आठवडा वैताग येतो. आणि तो स्वतः फाइलला कुलूप लावत नाही. संगणक दुसऱ्याच्या हाती गेला तर फाइल उघडी आहे. त्यासाठी पूर्ण डिस्कच सांकेतिक करून ठेवावी लागते. मनी मॅनेजर ईएक्समध्ये परवलीचा शब्द घालून फाइल बंद करता येते आणि तो शिकायलाही सोपा आहे, पण त्याची दुहेरी नोंद अर्धवट. होमबँक त्याहून सुटसुटीत; कर्ज नसलेल्या, एक-दोन बँक खाती असलेल्या घराला तो पुरे होतो. केमायमनी ग्नूकॅशच्या जवळचा. संगणकात रमणाऱ्यांसाठी लेजर आणि त्याच्या भाईबंदांची एक वेगळीच पंगत आहे: सगळा हिशेब साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायचा, बेरजा प्रोग्रामने करायच्या. अशी फाइल पन्नास वर्षांनीही उघडेल याबद्दल मला शंका नाही. घरातलं दुसरं कुणी ती उघडेल का, याबद्दल आहे.

टॅलीचा विचार अनेकांच्या मनात येतो. महाराष्ट्रात वाणिज्य शाखेतून बाहेर पडलेल्या पुष्कळांनी टॅलीचा कोर्स केलेला असतो, हात बसलेला असतो. पण टॅली धंद्यासाठी आहे, आणि परवान्याची किंमतही धंद्याला परवडेल अशी. फुकटच्या शैक्षणिक पद्धतीत महिन्यातल्या मोजक्या तारखांनाच नोंद होते, त्यामुळे त्यावर घर चालवायचा बेत फसतो. घरात कुणी किराणा दुकान किंवा क्लास चालवत असेल आणि परवाना आधीच घेतलेला असेल, तर त्यातच घराची वेगळी कंपनी उघडून हिशेब ठेवायला माझी हरकत नाही. दुकान आणि घर एका कंपनीत मिसळलं, तर मात्र सीएसुद्धा हात टेकेल.

आणि एक्सेल. व्हिजिकॅल्कने १९७९मध्ये संगणकावर आडवे-उभे रकाने आणले, तेव्हापासून घरचा हिशेब त्यातच मांडणारे सुखी लोक आहेत. तुमचं पान नीट चालत असेल तर ते मोडू नका. फक्त दोन गोष्टींवर डोळा ठेवा. एक तर रकाने क्रमवार लावताना एखादा रकाना निवडायचा राहिला, की रकमा एका दुकानाच्या आणि नावं दुसऱ्याची होतात आणि एकूण बेरीज तीच राहिल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरं, तारखा. ०४-०५ म्हणजे आपल्याला चार मे. अमेरिकन मांडणीवर असलेल्या संगणकाला तो पाच एप्रिल वाटतो. बारा तारखेपर्यंतच्या नोंदी गुपचूप उलटतात आणि तेरापासूनच्या जागेवर राहतात. बँकेचा उतारा कोणत्याही प्रोग्राममध्ये घेतानाही हाच घोटाळा होतो. संगणकाची प्रादेशिक मांडणी आधी 'भारत' करून घ्या; रकमेतले स्वल्पविरामही बऱ्याच प्रोग्रामांत मग लाख-कोटीच्या जागी येतात. बारा लाख रुपयांना '१.२ मिलियन'च्या थाटात वाचायची सवय आपल्या डोळ्यांना नाही, आणि ती लावून घ्यायचं कारणही नाही. आर्थिक वर्ष एप्रिलपासून धरता येतं की नाही, हेही याच वेळी पाहून घ्यावं.

उताऱ्यावरून आठवलं. व्यवहार आपोआप येत नाहीत ही घरच्या संगणकावरच्या हिशेबाविरुद्धची नेहमीची तक्रार. अमेरिकेत मायक्रोसॉफ्ट, इंट्यूट आणि चेकफ्री यांनी १९९७मध्ये ओएफएक्स नावाची देवाणघेवाणीची पद्धत ठरवली आणि तिथल्या बँकांनी ती उचलली. आपल्याकडे ती फारशी रुजली नाही; बँका एक्सेल, सीएसव्ही किंवा परवलीच्या शब्दाने बंद केलेली पीडीएफ देतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१६च्या नियमांनुसार उभी राहिलेली आणि सप्टेंबर २०२१पासून चालू झालेली अकाउंट ॲग्रिगेटरची व्यवस्था खरोखर चांगली आहे: पासवर्ड कुणाला द्यावा लागत नाही, संमती ठरावीक कामापुरती आणि मुदतीची असते, मागे घेता येते. पण तिच्यातून माहिती मागण्याचा हक्क फक्त वित्तीय नियामकांच्या देखरेखीखालच्या संस्थांना आहे. तुमच्या टेबलावरच्या मुक्त प्रोग्रामला त्या दारातून आत जाता येत नाही. तेव्हा महिन्यातून एकदा उतारा उतरवायचा आणि आत घ्यायचा. बँकेचा नेटबँकिंग पासवर्ड मागणाऱ्या कोणत्याही प्रोग्रामला तो देऊ नये, हे वेगळं सांगायला नको.

हाताने नोंद करण्याचं मला तेवढं ओझं वाटत नाही. यूपीआयमुळे दहा रुपयांच्या चहाचीही नोंद बँकेत होते, म्हणून ती आपल्या वहीत हवीच असं नाही. 'किरकोळ' हे खातं असतं ते त्यासाठीच. खर्चाची पंधरा-वीस खाती पुष्कळ झाली. 'बिस्किटं' आणि 'फरसाण' वेगळं काढणारा माणूस दिवाळीपर्यंत थकतो. दुधाचे खाडे कालनिर्णयच्या पानावरच राहू द्या, त्याहून चांगली जागा त्यांना मिळायची नाही. महिन्याचं बिल तेवढं संगणकात घ्या. आणि जे गणित बँक करते ते आपल्या प्रोग्रामकडून करून घेण्याच्या फंदात पडू नका. पीपीएफचं व्याज महिन्याच्या पाच तारखेनंतरच्या किमान शिलकेवर धरतात आणि वर्षअखेरीला जमा करतात. परदेशी प्रोग्रामला हे शिकवत बसण्यापेक्षा ३१ मार्चचा आकडा पासबुकातून पाहून एकदा लिहिलेला बरा. आपलं काम ताळा जमवण्याचं: वहीतली शिल्लक आणि बँकेची शिल्लक महिन्यातून एकदा एकमेकांसमोर ठेवायची. फरक निघाला तर तो त्याच महिन्यात सापडतो. वर्षभर साचला की कुणालाच सापडत नाही.

एका गोष्टीवर मी या पुस्तकात जरा जास्तच पानं खर्च केली आहेत: फाइल दुसऱ्या कुणाला उघडता येणं. बहुतेक घरांत हिशेब एकच जण ठेवतो. तो किंवा ती आजारी पडली, की कोणत्या बँकेत काय आहे हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. दहा वर्षं कुणी विचारलं नाही की ठेवीची रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ती बुडत नाही, वारसांना मागता येते; अशा रकमा शोधायला ऑगस्ट २०२३मध्ये 'उद्गम' हे संकेतस्थळही सुरू झालं. पण शोधायचं काय हे आधी माहीत हवं. सॉफ्टवेअरमधली खात्यांची यादी हाच इथे सर्वांत मोलाचा भाग. प्रत्येक खात्याच्या टिपणात शाखा, नॉमिनीचं नाव आणि मूळ कागद कोणत्या कपाटात आहे ते लिहून ठेवा. पासवर्ड तिथे लिहू नका. वर्षातून एकदा ती यादी छापून घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हाती द्या, आणि फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन तो पेनड्राइव्ह दुसऱ्या घरी ठेवा. ग्नूकॅश दर वेळी जुनी प्रत राखून ठेवतो खरा, पण मूळ फाइलशेजारीच. डिस्क गेली की दोन्ही जातात.

निवड करताना मात्र पुस्तकाच्या भरवशावर राहू नका. जो प्रोग्राम मनात असेल त्यात एकाच महिन्याचे व्यवहार घाला, एक कर्जाचा हप्ता आणि एक कार्डाचं बिल त्यात असेल असं पाहा. मग सगळ्या नोंदी सीएसव्हीमध्ये बाहेर काढा आणि दुसऱ्या कशात तरी उघडा. मराठी अक्षरं शाबूत आली, तारखा उलटल्या नाहीत आणि हप्त्याची फोड टिकली, तर तो प्रोग्राम घरात घ्यायला हरकत नाही. बाहेर काढण्याची सोयच सापडली नाही, तर बाकी काही न बघता तो काढून टाका.

एक एप्रिलची वाट पाहायचीही गरज नाही. कोणत्याही महिन्याच्या पहिल्या तारखेला बँकेतली शिल्लक, हातातली रोकड, कर्जाची बाकी आणि कार्डाचं देणं एवढं लिहिलं की वही सुरू होते. मागचं जमेल तसं भरता येतं. ही आरंभीची शिल्लक कोणत्या खात्यासमोर मांडायची, इथे पुष्कळ जण अडतात, म्हणून पहिलं प्रकरण तिथूनच सुरू केलं आहे.